देवराई आणि काजूची बाग एकाच रंगात: बायोमासचा नकाशा सपाट येतो तेव्हा

लक्षण नेहमी तेच असतं. उपग्रहाच्या चित्रांवरून सह्याद्रीतल्या एखाद्या तालुक्याचा बायोमासचा, म्हणजे झाडांच्या कोरड्या वजनाचा, नकाशा तयार होतो, दिसायलाही झकास असतो, पण दोन्ही टोकं गायब. देवराईतल्या प्लॉटमध्ये, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या तुकड्यात, टेप लावून हेक्टरी ३५० टन मोजलेले असतात, नकाशा तिथे १७० सांगतो. सरपणासाठी तोडून पुन्हा फुटलेल्या झुडपी रानात जेमतेम २५ टन असतात, तिथे ७० दाखवतो. मधल्या जंगलाचे आकडे ठीक, तालुक्याची सरासरीही ठीक, त्यामुळे गडबड कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ती पुढे, कुणीतरी विचारतं तेव्हा, की देवराई तोडून काजू लावला तर कार्बन किती जाईल? नकाशाचं उत्तर असतं, फारसा नाही!

यावर पहिला उपाय म्हणून बहुतेक जण अल्गोरिदम बदलतात. रँडम फॉरेस्ट (पुष्कळ निर्णयवृक्षांची सरासरी घेणारी पद्धत) काढून दुसरं काहीतरी, मग न्यूरल नेटवर्क, मग आणखी वीस व्हेरिएबल. यात आठवडे जातात आणि नकाशा तसाच सपाट राहतो. माझं मत स्पष्ट आहे: मॉडेलला हात लावायच्या आधी खालच्या तीन गोष्टी तपासा, म्हणजे जमिनीवरची मोजणी, प्लॉटची जागा आणि सिग्नलची कुवत. दुखणं बहुधा तिथेच सापडतं.

आधी एक आलेख काढा

मॉडेल बाजूला ठेवा. आडव्या अक्षावर प्लॉटमध्ये मोजलेला बायोमास आणि उभ्या अक्षावर कच्चा सिग्नल घ्या. एल-बँड (लांब तरंगांचं) रडार वापरत असाल तर एचव्ही बॅकस्कॅटर, म्हणजे आडव्या कंपनात पाठवून उभ्या कंपनात परत आलेला सिग्नल; ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशात टिपलेली चित्रं वापरत असाल तर हिरवेपणाचा निर्देशांक, एनडीव्हीआय. प्रत्येक प्लॉटचा एक ठिपका.

ठिपके आधी वर चढत जाऊन मग आडवे झाले, तर तुमचा सिग्नल सॅच्युरेट होतोय, म्हणजे बायोमास वाढला तरी तो वाढत नाही. ते दुखणं वेगळं, त्याचं औषधही वेगळं. ठिपके पहिल्यापासूनच विखुरलेले असतील, २० टनांचा आणि २०० टनांचा प्लॉट एकाच पातळीवर असेल, तर उपग्रहाला दोष देऊ नका. मोजणी किंवा जागा चुकली आहे. आणि ठिपके नीट चढत्या रांगेत असूनही मॉडेलचा अंदाज सपाट येत असेल, तरच मॉडेलकडे वळा.

एकाच नकाशात तिन्ही दुखणी एकत्र असणं अगदी शक्य आहे. म्हणून क्रमाने जाऊ.

मोजणीतली भानगड

आपल्याकडे झाडाचा घेर मोजतात. टेप गुंडाळायची, वहीत आकडा लिहायचा. बायोमासच्या बहुतेक समीकरणांना मात्र व्यास लागतो. उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी सर्रास वापरलं जाणारं २०१४ सालचं समीकरण घ्या: लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार, त्याचा ०.९७६ घात, आणि त्याला ०.०६७३ ने गुणायचं. व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, उत्तर किलोत. इथे व्यासाच्या जागी घेर घातला तर उत्तर सुमारे ९.३ पट येतं.

सगळ्याच ओळींत हा घोळ झाला तर तो लगेच पकडता येतो, कारण आकडे हास्यास्पद येतात. खरा त्रास अर्धवट घोळाचा. एका गटाने घेर लिहिला, दुसऱ्याकडे व्यासाची टेप होती, आणि दोघांचे आकडे एकाच रकान्यात गेले. सरासरी थोडी फुगते, विखुरलेपण प्रचंड वाढतं, आणि मॉडेल गोंधळून मधलाच आकडा धरून बसतं. तपासणी सोपी आहे: प्रत्येक गटाच्या ‘व्यासा’चा वेगवेगळा हिस्टोग्राम काढा. विरळ, तोडलेल्या रानात १५० सेंटिमीटर व्यासाची झाडं रांगेने दिसली तर समजून जा.

कोकणातल्या रानात आणखी एक गंमत आहे. ऐन, किंजळ तोडले की बुंध्यातून चार-पाच फुटवे येतात. वहीत लिहिणारा कधी प्रत्येक फुटव्याचा घेर लिहितो, कधी सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा टाकतो. ३० सेंटिमीटर घेराचे चार फुटवे वेगवेगळे धरले तर वर्गांची बेरीज होते ४ पट. बेरीज करून १२० धरले तर तीच १६ पट. म्हणजे झुडपी रानाचा बायोमास कागदावर जवळजवळ चौपट झाला. ‘नकाशा कमी बायोमासचं रान जास्त दाखवतो’ ही तक्रार कधीकधी नकाशाची नसतेच. प्लॉटच तसं सांगत असतात. फुटवे वेगवेगळे लिहा आणि प्रत्येकाचा बायोमास काढून मग बेरीज करा.

घेर कुठे घ्यायचा यातही दोन रीती आहेत. भारतात वनखात्याची छातीची उंची १.३७ मीटर, बाहेरच्या बहुतेक समीकरणांत १.३०. सात सेंटिमीटरच्या फरकाने फार बिघडत नाही, पण मुळाशी पंखासारखे आधार फुटलेल्या झाडाला याच उंचीवर टेप लावली तर बिघडतं. अशा झाडांचा घेर आधार संपतात त्याच्या वर घ्यायचा आणि किती उंचीवर घेतला ते लिहून ठेवायचं. देवराईत अशी झाडं भेटतातच.

उतारावरचा प्लॉट हा आणखी एक मुद्दा. ०.१ हेक्टरचा चौरस म्हणजे बाजू ३१.६ मीटर. ती आडव्या पातळीत हवी. ३० अंशांच्या उतारावर दोरी जमिनीलगत टाकली, तर उताराच्या दिशेची बाजू आडवी फक्त २७.४ मीटर भरते आणि क्षेत्रफळ १३ टक्क्यांनी कमी पडतं. नकाशातला पिक्सेल आडवा असतो, तुमचा प्लॉट तिरका. क्लिनोमीटरने उतार मोजून दुरुस्ती केली नसेल तर घाटातले सगळे प्लॉट एकाच दिशेने चुकलेले असणार.

आता प्लॉटच्या आकाराबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. एक झाड घ्या: व्यास १०० सेंटिमीटर, उंची ३० मीटर, लाकडाची घनता ०.६. वरच्या समीकरणाने त्याचा कोरडा बायोमास येतो सुमारे ९ टन. हे झाड ०.१ हेक्टरच्या प्लॉटमध्ये असलं तर एकट्याने हेक्टरी ९० टन वाढवतं. दोरी दोन मीटर इकडे सरकली आणि झाड बाहेर राहिलं, की ९० टन गेले. उपग्रहाला मात्र त्या झाडाचा डेरा दोन्ही वेळा दिसतोच, कारण डेरा दोरी मानत नाही. मोठ्या झाडांच्या जंगलात छोटे प्लॉट असले की मोजणी आणि सिग्नल यांचं नातं अशा योगायोगांनी मोडतं. एक हेक्टरच्या प्लॉटमध्ये तेच झाड फक्त ९ टनांचा फरक करतं. खर्च वाढतो, मान्य आहे. पण देवराई आणि सदाहरित पट्ट्यात थोडेच पण मोठे प्लॉट घेणं, हे पुष्कळ आणि छोट्या प्लॉटांपेक्षा कितीतरी चांगलं.

त्याच झाडाच्या जागी सावर असेल, घनता ०.३५ च्या आसपास, तर तोच घेर आणि तीच उंची असूनही ९ टनांचे साडेपाचसुद्धा राहत नाहीत. ऐनाची घनता ०.७ च्या वर. सगळ्या झाडांना सरसकट ०.६ लावणारे प्लॉट मी इतके पाहिलेत की आता नवल वाटत नाही. मजूर किंवा गावकरी झाडाचं स्थानिक नाव सांगतात, ते वहीत येतं आणि टाइप करताना गळतं. तो रकाना परत मिळवा.

प्लॉट नकाशावर भलतीकडेच

दाट झाडोऱ्याखाली हातातल्या जीपीएसची चूक ५ ते १० मीटर सहज होते, दरीत त्याहून जास्त. दहा मीटरच्या पिक्सेलवर काम करणाऱ्याला हा फरक पुरेसा आहे. पण नेहमी दिसणाऱ्या चुका याहून ढोबळ असतात.

एक म्हणजे कोपरा आणि मध्य. नोंद नैर्ऋत्य कोपऱ्याची आणि विश्लेषणात तोच प्लॉटचा मध्य. ३१.६ मीटरच्या चौरसात कोपऱ्यापासून मध्य २२ मीटरवर. पाल्सार या जपानी एल-बँड रडारच्या २५ मीटरच्या मोझेकमध्ये (जोडचित्रात) तुम्ही बहुधा शेजारच्याच पिक्सेलचा आकडा उचलताय. दुसरी चूक अंश-मिनिटांची. १७ अंश ३० मिनिटं म्हणजे १७.५०. कुणी १७.३० टाइप केलं तर प्लॉट २२ किलोमीटर दक्षिणेला गेला. कधी धरणाच्या पाण्यात पडतो, तेव्हा कळतं. दुसऱ्याच जंगलात पडला तर कळत नाही. सगळे प्लॉट चांगल्या रिझोल्यूशनच्या चित्रावर टाकून एकेक डोळ्यांनी बघा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

जागेची खात्री नसेल तर एका पिक्सेलऐवजी तीन बाय तीनची सरासरी घ्या, आणि रानाच्या कडेवर, रस्त्यालगत किंवा शेताच्या बांधाशी असलेले प्लॉट मॉडेलमधून काढा.

सिग्नलच संपतो

आता खरं सॅच्युरेशन. एनडीव्हीआय पानं बघतो, लाकूड नाही. पानांचे तीन-चार थर झाले की त्याचा आकडा वर जायचा थांबतो. पंचवीस वर्षांचं दाट रान आणि शेकडो वर्षांची देवराई, दोन्हीकडे ०.८५. कोकणात तर पावसाळ्यानंतर कारवीने भरलेला उतारही तितकाच हिरवागार, आणि कारवी झाडांच्या मोजणीत धरलेलीच नसते. काजू आणि आंब्याच्या बागा, दोडामार्गकडचं रबर, यांच्याबाबतीतही हेच. वरून छत भरगच्च, खाली लाकूड माफक.

त्यात ऋतूची भर. जून ते सप्टेंबर ढगांमुळे ऑप्टिकल चित्र मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये सगळंच हिरवं. फेब्रुवारीपासून साग, ऐन, सावर पानं टाकतात आणि सदाहरित पट्टा तेवढा हिरवा राहतो. म्हणून एकाच तारखेचं चित्र वापरू नका. पावसाळ्यानंतरचं आणि ऐन उन्हाळ्याआधीचं, अशी दोन्ही घ्या. दोहोंतला फरक पानगळी आणि सदाहरित वेगळे करतो, आणि आपल्या जंगलात ही माहिती बायोमासच्या अंदाजाला बरीच मदत करते.

सेंटिनेल-२ या युरोपीय ऑप्टिकल उपग्रहाची जुनी-नवी चित्रं एकत्र वापरत असाल तर एक जागा हमखास अडखळायची आहे. २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेची नवी आवृत्ती आली आणि पिक्सेलच्या आकड्यांत १००० ची भर पडली. ती वजा केली नाही, तर त्या तारखेनंतर सगळं जंगल एकदम फिकं पडल्यासारखं दिसतं. गूगलच्या अर्थ इंजिन या ऑनलाइन व्यासपीठावर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संग्रह आहे, तो घेतला की हा प्रश्न मिटतो.

रडारकडे येऊ. तरंगलांबी जितकी मोठी, तितका सिग्नल झाडोऱ्यात खोल शिरतो. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाचा सी-बँड सुमारे साडेपाच सेंटिमीटरचा. तो पानं आणि बारीक डहाळ्यांवरूनच परततो आणि हेक्टरी काही दशक टनांतच दमतो. पाल्सारचा एल-बँड सुमारे २४ सेंटिमीटरचा, जाड फांद्या आणि खोडं काही प्रमाणात ‘बघणारा’. त्याची धाव साधारण १०० ते १५० टनांपर्यंत. म्हणजे ३५० टनांच्या देवराईसाठी एल-बँडकडे उत्तर नाहीच. कितीही हुशार मॉडेल लावा, जी माहिती सिग्नलमध्ये आलीच नाही ती मॉडेल कुठून आणणार?

पण सॅच्युरेशन म्हणून हात टेकण्याआधी रडारमधल्या तीन नेहमीच्या चुका तपासा. त्यांनी आहे ती कुवतही मारली जाते.

पहिली, डेसिबलची सरासरी. डेसिबल लॉगमध्ये असतात, त्यांची थेट सरासरी चुकीची. उणे १० आणि उणे १६ ची सरासरी उणे १३ वाटते. मूळ आकड्यांत नेऊन काढली तर उणे १२ येते. एक डेसिबल म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण मोकळं रान आणि दाट जंगल यांच्यात एचव्हीचा सगळा फरकच काही मोजक्या डेसिबलचा असतो. अर्थ इंजिनमधला सेंटिनेल-१ चा नेहमीचा संग्रह आधीच डेसिबलमध्ये आहे, हे लक्षात ठेवा. पाल्सारच्या मोझेकमध्ये साधे पूर्णांक असतात. त्यांचा वर्ग करायचा, सरासरी त्या वर्गांचीच काढायची, मग लॉगच्या १० पटीतून ८३ वजा करायचे. वर्ग करायचा राहिला की सगळंच बिघडतं.

दुसरी, उतार. रडार तिरकं बघतं. त्याच्याकडे तोंड केलेला उतार उजळ, पाठ केलेला काळोखा. उत्तरेकडे जाताना उजवीकडे बघणारा उपग्रह पूर्वेकडे पाहतो, म्हणून कोकणाकडे उतरणारा सह्याद्रीचा पश्चिम कडा त्याला झगझगीत दिसतो. मॉडेल त्याला बायोमास समजतं. अर्थ इंजिनमधल्या सेंटिनेल-१ मध्ये जागेची दुरुस्ती केलेली आहे, उजळपणाची नाही. ती तुम्हाला करावी लागते. पाल्सारच्या मोझेकमध्ये ती केलेली असते, पण खड्या कड्यांवर अवशेष राहतोच. चाचणी सोपी: एकाच प्रकारच्या जंगलातले पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे उतार वेगळे करून त्यांची सरासरी ताडा. लक्षणीय फरक असला तर तुमच्या नकाशात जंगल नाही, डोंगराचा आकार उमटलाय.

तिसरी, ओल. पावसानंतरच्या चित्रात जमीन आणि पानं ओली, बॅकस्कॅटर वर. जानेवारी ते एप्रिलमधली कोरडी चित्रं घ्या.

उंचीची मदत, आणि तिची खोड

सॅच्युरेशनवर आज हाताशी असलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे झाडांची उंची. नासाचं गेडी हे लेझर यंत्र डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेलं. मार्च २०२३ पासून वर्षभर ते बाजूला काढून ठेवलं होतं, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. जमिनीवर २५ मीटर व्यासाचा एकेक ठसा, ठशांमध्ये ६० मीटर अंतर, आणि दोन माळांमध्ये ६०० मीटर. सलग चित्र नाही, नमुने आहेत. पण उंच जंगल आणि मध्यम जंगल हा भेद ते करतं.

तिची वाईट सवय दिसते ती उतारावर. ३० अंशांच्या उतारावर २५ मीटरच्या ठशाचा वरचा काठ खालच्या काठापेक्षा १४ मीटर उंच असतो. ठशात नुसतं गवत असलं तरी परत येणारी लहर १४ मीटरवर पसरते आणि यंत्र म्हणतं, झाडं आहेत. सह्याद्रीत हे प्रकरण किरकोळ नाही.

यासाठी कोकणात उत्तम चाचणीची जागा आयती आहे: सडा. जांभ्याचा सपाट, झाडं नसलेला कातळ. तिथले गेडीचे ठसे काढा आणि आरएच-९८, म्हणजे परतलेल्या ऊर्जेपैकी ९८ टक्के जिच्याखाली येते ती उंची, बघा. लेझरच्या स्पंदाचीच जाडी असल्यामुळे मोकळ्या जमिनीवरही दोन-तीन मीटर येतात, तेवढे चालायचेच. आता जवळच्याच गवताळ, खड्या उताराचे ठसे घ्या. तिथे १२-१५ मीटर दिसले की तुमच्या भागात कोणत्या उतारापुढे गेडीवर भरवसा ठेवायचा नाही, ते तुम्हाला स्वतःच्या डेटातून कळतं. कुणाची उसनी मर्यादा लावण्यापेक्षा हे बरं.

बाकी गाळणी ठरलेली आहे. गुणवत्तेचा फ्लॅग १, बिघाडाचा फ्लॅग ०, संवेदनशीलता ०.९५ च्या वर, दाट सदाहरितात ०.९८ च्या वर. शक्यतो रात्रीचे आणि पूर्ण ताकदीच्या किरणांचे ठसे. पानगळीच्या काळातले ठसे वेगळे काढा. गेडी स्वतः बायोमासचाही आकडा देतं, पण तो आपल्या प्लॉटांशी ताडल्याशिवाय जसाच्या तसा उचलू नका. उंचीचा आकडा घेऊन स्वतःचं समीकरण बसवणं जास्त भरवशाचं.

आता मॉडेल

इथवर सगळं ठीक असूनही टोकं दबतात, तेव्हा रँडम फॉरेस्टचा स्वभाव आठवा. तो जुन्या प्लॉटांच्या आकड्यांची सरासरी देतो. शिकवलेल्या कमाल आकड्याच्या वर तो कधीच जाऊ शकत नाही, आणि त्या आकड्याच्या जवळपासही क्वचितच जातो. तुमच्या २०० प्लॉटांपैकी ३०० टनांवरचे चारच असतील, तर बाकीचे त्यांना खाली ओढणारच. उपाय प्लॉटांच्या निवडीत आहे. जंगलाचे प्रकार वेगळे करा, म्हणजे सदाहरित, निमसदाहरित, पानगळी, बागायती असे, आणि वरच्या टोकाला मुद्दाम जास्त प्लॉट घ्या. बागांसाठी तर वेगळंच मॉडेल ठेवा. काजूला जंगलाच्या मापाने मोजण्यात काही अर्थ नाही.

अंदाजांना नंतर ताणून टोकं बसवण्याचा जुगाड बरेच जण करतात. हिस्टोग्राम सुंदर दिसतो, पण कुठली जागा वर गेली आणि कुठली खाली, हे त्या ताणण्याला ठाऊक नसतं. मी ते करत नाही.

बायोमासच्या लॉगवर मॉडेल बसवलं असेल तर परत येताना दुरुस्तीचा गुणक लावलाय ना, ते बघा. अवशेषांच्या (मोजणी आणि अंदाज यांतल्या फरकांच्या) व्हेरियन्सचा निम्मा, त्याचा एक्स्पोनेन्शियल. तो विसरला की सगळा नकाशा खाली बसतो.

आणि मॉडेल किती जुळतं ते सांगणारं आर-वर्ग, समजा ०.६५ आलं, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. प्लॉट गठ्ठ्याने असतात, एका रानात दहा. त्यातले आठ शिकवायला, दोन तपासायला, अशी यादृच्छिक वाटणी केली तर मॉडेलला उत्तरपत्रिका आधीच दाखवल्यासारखं आहे. मध्य आफ्रिकेच्या जंगलांवरच्या २०२० मधल्या एका अभ्यासात हेच उघडं पडलं. नेहमीच्या पद्धतीने तपासलं तेव्हा मॉडेल चांगलं दिसलं, पण जागेनुसार तुकडे पाडून तपासलं तेव्हा त्याची भाकीत करण्याची ताकद जवळपास शून्यावर आली. तुम्हीही एक अख्खं खोरं बाजूला ठेवून तपासा. आर-वर्ग घसरेल. घसरलेला तोच खरा.

बेरजेतल्या चुका

हे भराभर सांगतो. नकाशा हेक्टरी टनांत असतो, त्यामुळे बेरीज करताना पिक्सेलच्या क्षेत्रफळाने गुणायचं: १० मीटरला ०.०१ हेक्टर, २५ मीटरला ०.०६२५. अक्षांश-रेखांशाच्या रास्टरवर चौरस मीटर गृहीत धरू नका. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीचा झोन ४३ घ्या. ७८ रेखांशाच्या पूर्वेला झोन ४४ लागतो, म्हणजे विदर्भाचे दोन तुकडे होतात.

बायोमास म्हणजे कार्बन नव्हे. ०.४७ ने गुणलं की कार्बन, त्याला ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. वरचं ९ टनांचं झाड म्हणजे सव्वाचार टन कार्बन आणि साडेपंधरा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. अहवालात हे तीन आकडे एकमेकांच्या जागी सर्रास सापडतात.

आपला आकडा भारतीय वन सर्वेक्षणाच्या आकड्याशी जुळत नाही, ही तक्रारही नेहमीची. त्यांच्या २०२३ च्या अहवालात देशाच्या जंगलातला कार्बन ७,२८५.५ दशलक्ष टन आहे आणि वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर. भागाकार केला तर हेक्टरी सुमारे १०२ टन कार्बन. पण त्यात खोड-फांद्यांबरोबर मुळं, मेलेलं लाकूड, पालापाचोळा आणि माती हे सगळं आहे, आणि निम्म्याहून अधिक वाटा मातीचा. तुमचा आकडा फक्त जमिनीवरच्या झाडांचा असेल तर तो जुळता कामाच नये. शिवाय तिथे १० टक्क्यांवर छत असलेली, एक हेक्टर किंवा मोठी कुठलीही जमीन वनाच्छादनात धरतात. आंब्याची बागसुद्धा.

दोन वर्षांचे दोन तयार जागतिक नकाशे वजा करून ‘बदल’ काढू नका. त्यामागचे उपग्रह आणि पद्धती वेगळ्या असतात. वजाबाकीत जंगलाचा बदल कमी आणि पद्धतीचा जास्त येतो.

नवे उपग्रह आले, मग प्रश्न सुटला का?

अर्धाच. युरोपीय अवकाश संस्थेचा बायोमास नावाचा उपग्रह २९ एप्रिल २०२५ रोजी गेला. त्याचा पी-बँड सुमारे ७० सेंटिमीटरचा, थेट खोडांपर्यंत पोचणारा, त्यामुळे जास्त बायोमासच्या जंगलात त्याची खरी कमाल. इस्रो आणि नासाचा निसार ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्यात एल आणि एस असे दोन बँड, आणि दर १२ दिवसांनी तीच जागा. पण निसारचं बायोमासचं उद्दिष्टच हेक्टरी १०० टनांपर्यंतच्या जंगलाचं आहे. मेळघाट, यावलसारख्या विरळ, कोरड्या पानगळीसाठी तो छान. देवराईसाठी नाही.

मग पी-बँड? तिथे वेगळीच अडचण. त्याचा बायोमासचा नकाशा २०० मीटरच्या पिक्सेलचा, म्हणजे एक पिक्सेल ४ हेक्टरचा. कोकणातल्या कित्येक देवराया एक-दोन हेक्टरच्या, काही तर त्याहून लहान. सॅच्युरेशन गेलं तरी देवराई शेजारच्या काजूत मिसळून जाणारच. आंबोली, कोयना, तिलारीच्या सलग पट्ट्यांना या उपग्रहाचा फायदा होईल, सुट्या तुकड्यांना नाही.

तोवर मी असं करतो: १५० टनांच्या वरचा भाग नकाशात एकाच रंगात ठेवतो आणि सूचीत ‘१५० पेक्षा जास्त’ एवढंच लिहितो. आत खोटे बारकावे रंगवत नाही. पिक्सेलचे आकडे देण्याऐवजी जंगलाच्या प्रकारानुसार सरासरी आणि तिची चूक देतो. देवराया नकाशातून सरळ कापून काढतो आणि झाडन् झाड मोजून घेतो. हेक्टर-दीड हेक्टरची देवराई चार माणसं टेप आणि उंचीमापक घेऊन करू शकतात. आधी गावाची आणि गुरवाची परवानगी घ्या, चपला बाहेर काढायची रीत असेल तर काढा, आणि झाडांना नंबराचे पत्रे खिळ्याने ठोकू नका. खडूने आकडा लिहिला तरी काम होतं. पावसाळ्याआधी मोजणी उरकायची, एवढंच.